मुलींच्या ड्रम कोअरची सुपर-एट रिळे : एका डिजिटायझेशन सेवेचे परीक्षण

ऑन्टारिओतील किचनर-वॉटर्लू या जोडशहरात जुन्या चित्रफिती आणि ध्वनिफिती डिजिटल स्वरूपात उतरवून देणारे एक लहान दुकान आहे. माझ्या वडिलांनी १९७०च्या दशकात सुपर-एट या आठ मिलिमीटर फिल्मच्या घरगुती कॅमेऱ्याने घेतलेली रिळे आणि त्याच काळातील काही कॅसेटी मी गेल्या हिवाळ्यात तेथे दिल्या होत्या. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या परीक्षणात काही तक्रारी आहेत आणि त्या एकट्या दुकानाच्या नसून या व्यवसायाच्या सर्वसाधारण सवयींच्या आहेत. त्या काळात कॅनडात किंवा अमेरिकेत आलेल्या अनेक मराठी घरांच्या तळघरांत अशी रिळे खोक्यांत पडून असतात. ती बाहेर काढण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळत असेल, त्यांना या मजकुराचा काही उपयोग होईल असे वाटते.

आमच्या रिळांवर वाढदिवस, नायगारा आणि पहिला बर्फ हे सगळे होतेच. परंतु निम्म्याहून अधिक फिल्म बाबांनी एकाच विषयावर खर्च केली होती, आणि तो विषय म्हणजे मी ज्यात स्नेअर ड्रम वाजवीत असे ते मुलींचे ड्रम कोअर. डिजिटायझेशन करणाऱ्याची परीक्षा घ्यायला याहून कठोर सामग्री मिळणे अवघड आहे. केक कापणारी मावशी मूळ वेगापेक्षा थोडी भरभर हलली तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही, पण संचलनात चालीचा वेग ठरलेला, वाद्यांचा सूर ठरलेला आणि पाऊल किती उचलायचे तेही ठरलेले, त्यामुळे यंत्राने किंवा माणसाने कोठे गफलत केली की ती तत्काळ दिसते आणि ऐकूही येते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. ड्रम अँड ब्यूगल कोअर, बोलण्यात नुसते ड्रम कोअर, हे शाळेच्या बँडहून वेगळे. त्यात क्लॅरिनेट, बासरी असली वाद्ये नसतात. पितळी ब्यूगल, तऱ्हेतऱ्हेचे ड्रम, आणि झेंडे व लाकडी रायफली फिरवणारा कलर गार्ड, एवढाच त्या काळी त्याचा पसारा असे. या प्रकाराचे मूळ लष्करी आहे. माजी सैनिकांच्या संघटना, चर्च, स्काउट आणि कॅडेट यांच्या आश्रयाने अशी पथके वाढली आणि हळूहळू त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. फुटबॉलच्या मैदानावर सुमारे १२ मिनिटांचा कार्यक्रम, सगळे संगीत तोंडपाठ, वाजवता वाजवता आकृत्या बदलत राहायचे आणि एकही रेघ वाकडी होऊ द्यायची नाही, असे त्याचे स्वरूप होते. वयाची मर्यादा २१ वर्षांची होती. १९७२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे ड्रम कोअर्स इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. कॅनडातील कोअरही तिकडे जात असत, आणि १९८१ व १९८२ या दोन्ही वर्षांची अंतिम स्पर्धा तर माँट्रियालच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्येच भरली.

आमच्या भागातील नावाजलेली जुनी कोअर मुलग्यांची होती. टोरोंटो ऑप्टिमिस्ट्स हे एक आणि आमच्या घरापासून जवळच्या प्रेस्टनचे, गुडघे उंच उचलून चालणारे स्काउट हाउस हे दुसरे. मुलींना घेतलेच तर झेंड्यांच्या रांगेत घेत; बास ड्रम किंवा खांद्यावर तोलायचा अवजड कॉन्ट्राबास ब्यूगल मुलीच्या हाती देण्याचा विचार सहसा होत नसे. मुलींच्या स्वतंत्र कोअरमध्ये मात्र पथकापुढे उभे राहून ताल देणाऱ्या ड्रम मेजरपासून कॉन्ट्राबासपर्यंत प्रत्येक जागा मुलीचीच. किचनर-वॉटर्लूचे व्हेंचर्स आणि क्युबेकमधील लावालचे ले शातलेन ही त्या काळची कॅनडातील ठळक नावे होत, आणि डीसीआयने मुलींच्या कोअरसाठी वेगळा किताबही ठेवला होता. आमचे कोअर त्यांच्या पंगतीत बसणारे नव्हते. आम्ही चर्चच्या सभागृहात सराव करणारे, बिंगोच्या रात्री आणि चॉकलेटच्या विक्रीवर बसभाडे काढणारे साधे पथक होतो. पुढे मुलग्यांच्या कोअरनी मुलींना सर्व वाद्यांसाठी दारे उघडली, दौऱ्यांचा खर्च वाढत गेला आणि मुलींची वेगळी कोअर एकेक करून संपली. म्हणूनच या रिळांचे मोल आमच्या घरापुरते नाही, आणि ती कोणाच्याही हाती देण्यापूर्वी मी बरीच चौकशी केली.

दुकानात रिळे घेण्याची पद्धत मला मनापासून आवडली. मालकांनी प्रत्येक डबा माझ्यासमोर उघडून आधी वास घेतला. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मचे विघटन सुरू झाले की तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो, फिल्म आकसते, तिला बाक येतो, आणि अशी फिल्म दात असलेल्या जुन्या प्रोजेक्टरवर चढवली तर कडेची छिद्रे फाटतात. आमच्या दोन डब्यांना तो वास होता. ते दोन डबे त्यांनी इतर रिळांपासून लगेच वेगळे केले आणि घरीही वेगळेच ठेवा असे बजावले. नंतर प्रत्येक रिळावरील बाबांच्या अक्षरातील चिठ्ठीचे छायाचित्र घेऊन फाइलीला तेच नाव दिले. त्यामुळे ‘ऑक्टो. ७६, परेड, चिनूचा ड्रम’ अशी मराठी नावे असलेल्या फाइली एका इंग्रजी भाषक दुकानातून माझ्याकडे आल्या. नावे त्यांनी पाहून पाहून टंकलेली असावीत, कारण एका फाइलीत ‘परेड’चे ‘परेढ’ झाले आहे. ते मी तसेच राहू दिले आहे.

फिल्म उतरवण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग म्हणजे फिल्म पडद्यावर दाखवायची आणि समोर व्हिडिओ कॅमेरा लावायचा. त्यात चित्र लुकलुकते, मधोमध उजेडाचा गोळा दिसतो आणि कडा काळवंडतात. कमी दरात काम करून देणारे काही जण अजूनही हेच करतात, म्हणून हा प्रश्न आधीच विचारावा. या दुकानात दातांशिवायच्या रुळांवरून फिल्म सरकवणारा स्कॅनर आहे. तो एलईडीच्या थंड प्रकाशात प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र छायाचित्र घेतो, आणि त्यामुळे बाक आलेली दोन रिळेही विनाअपाय पार पडली. चित्राच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नाही. बाबा शक्यतो कोडॅक्रोम वापरीत आणि ती फिल्म अंधारात ठेवली तर रंग टिकवण्यात तिचा हात धरणारी दुसरी नाही, त्यामुळे आमच्या गणवेशाचा लाल रंग अगदी जसाच्या तसा आला. एका दौऱ्यात बाबांनी दुसऱ्या कोणत्या तरी कंपनीची स्वस्त फिल्म घेतली होती. ती आता सर्वत्र विटकरी झाली आहे, गवतसुद्धा. दुकानाने रंग सुधारून देण्याची तयारी दाखवली, पण सुधारलेल्या नमुन्यात मुलींचे चेहरे मेणाचे दिसू लागले, तेव्हा मी मूळ विटकरी प्रतच ठेवली. ४के दर्जाचा आग्रह त्यांनी धरला नाही, हेही नोंदवण्याजोगे आहे. सुपर-एटची चौकट नखाहून लहान असते आणि फिल्मचे कण त्याआधीच दिसू लागतात, म्हणून ४केसाठी जादा पैसे देण्यात फारसा अर्थ नाही.

आता पहिली तक्रार. सुपर-एटच्या एका काडतुसात ५० फूट फिल्म असते, म्हणजे ३,६०० चौकटी. घरगुती कॅमेरे बहुधा सेकंदाला १८ चौकटी या वेगाने चालत, त्या हिशेबाने एक काडतूस ३ मिनिटे २० सेकंद पुरते. दुकानाकडून आलेल्या पहिल्या फाइली नेमक्या अडीच मिनिटांच्या होत्या, याचा अर्थ सरसकट सर्व रिळे सेकंदाला २४ चौकटी या चित्रपटाच्या वेगाने बांधली गेली होती. आकडेमोड न करताही ते समजलेच असते. आमची चाल मिनिटाला साधारण १२८ पावलांची होती, ती या फाइलींत १७० वर गेली होती, आणि ज्या संथ, ताठ पावलावर आम्ही हिवाळाभर घाम गाळला त्याची जागा मूकपटातल्या पोलिसांच्या पळापळीने घेतली होती. मी फोन केल्यावर मालकांनी वाद न घालता कारण सांगितले. बहुतेक गिऱ्हाइकांना वेग कळत नाही, आणि २४ चौकटींची फाइल दूरचित्रवाणी संचावर अधिक सफाईने चालते, म्हणून यंत्र कायमच त्या वेगावर लावून ठेवलेले असते. चौकटी स्वतंत्रपणे टिपलेल्या असल्यामुळे पुन्हा स्कॅन करण्याची गरज नव्हती. वेग बदलून नव्या फाइली काही दिवसांतच विनामूल्य मिळाल्या. घड्याळ लावून पावले मोजली, १२८ भरली. ज्यांच्या रिळांवर लग्नाची वरात किंवा गणपतीची मिरवणूक असेल त्यांनीही १८ हा आकडा रिळे देतानाच लिहून द्यावा.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. सुपर-एटचे चित्र चारास तीन या प्रमाणात असते, आजचे पडदे सोळास नऊ. दुकानाने पडदा भरून दिसावा म्हणून वरून-खालून काप घेतला होता. या कापात चित्राच्या उंचीतला २५ टक्के भाग जातो. वाढदिवसाच्या चित्रणात थोडे छत आणि थोडे टेबलाचे पाय गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही. संचलनात मात्र वरून झेंड्यांची टोके आणि शिरोभूषणांवरील तुरे जातात, खालून पावले जातात, आणि उरते ती मधली धडांची रांग. पाऊल जमिनीवर कसे टेकते, टाच आधी की चवडा आधी, रांगेतील सगळ्या डाव्या गुडघ्यांची उंची एक आहे की नाही, याच गोष्टींवर तर तेव्हा गुण कापले जात. ही दुरुस्तीही त्यांनी करून दिली, मात्र या खेपेला थोडे शुल्क लावले. तेवढे शुल्क लावायला नको होते असे माझे मत आहे, कारण काप न घेतलेली संपूर्ण चौकट हा गिऱ्हाइकाचा मूळ हक्क आहे आणि काप हवा असल्यास तो मागून घेण्याची गोष्ट आहे.

दोन्ही दुरुस्त्या झाल्यावर जे दिसले त्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण चांगल्या स्कॅनिंगने काय मिळते याचा तोच पुरावा आहे. १९७४ च्या सुमाराच्या एका रिळावर बाबांनी कॅमेरा माझ्यावर झूम करून स्थिर धरला आहे. ड्रम गळ्यातून उजव्या खांद्यावर घेतलेल्या पट्ट्याला लटकलेला आहे आणि म्हणून तो डाव्या मांडीवर तिरका झुकलेला आहे. त्या तिरकेपणामुळेच डाव्या हाताची काठी पालथ्या मुठीत न धरता उताण्या तळव्यात, अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागे. काही वर्षांनी आमच्याकडे खांद्यांवर बसणारे धातूचे कॅरिअर आले आणि ड्रम सपाट झाला, तरी पकड आम्ही तीच ठेवली. या चित्रणात ड्रमच्या कड्याला लावलेली मांडीची टेकण सैल होऊन प्रत्येक पावलाला वर-खाली होताना दिसते. त्या टेकणीने डाव्या मांडीवर मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत निळा डाग राहत असे आणि आई त्यावर रात्री तेल चोळून देताना पुटपुटत असे, हे मला आठवत होते; पण त्याचे कारण सैल टेकण हे होते हे मी फिल्मवर प्रथमच पाहिले. चौकट थांबवली की काठीच्या टोकावरची चिकटपट्टीसुद्धा ओळखता येते.

दुसऱ्या एका रिळावर परीक्षक दिसतात. आजच्या स्पर्धांत परीक्षक एकूण परिणामाला गुण देतात. १९८४ पर्यंत मात्र ‘टिक’ची पद्धत होती, म्हणजे प्रत्येक दृश्य किंवा श्राव्य चुकीला दशांश गुण वजा. परीक्षक हातात फळी घेऊन थेट रांगांच्या मधून चालत, ड्रमच्या ओळीसमोर वाकून कान लावत, आणि चूक सापडली की कागदावर खूण करत. रिळावर एक परीक्षक आमच्या ओळीसमोर उलट्या पावलांनी चालत आहेत, त्यांची पेन्सिल एकदा हलते, आणि माझ्या शेजारच्या मुलीच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलत नाही. नजर समोर, हनुवटी वर, ओठ मिटलेले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना हे शिकवले गेले होते. पेन्सिल कोणामुळे हलली हे बसमध्ये परतताना ठरवले जाई आणि त्यावर रडारडही होई, पण ती मैदानाबाहेर.

ऑक्टोबरफेस्टच्या परेडचे रीळ मात्र मला दुकानाच्या कामाबद्दल सर्वांत समाधान देऊन गेले. किचनर-वॉटर्लूचा हा उत्सव १९६९ पासून भरतो आणि कॅनडातील थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी सकाळी त्याची परेड निघते. ढगाळ उजेड, ओला रस्ता, गर्द लाल गणवेश, पांढरे बूट, अशा चित्रात स्वस्त स्कॅनिंग पांढऱ्याचा डाग करून टाकते आणि लाल रंग काठाबाहेर सांडतो. येथे बुटांवरच्या सुरकुत्या, त्यांवरून ओघळलेले पांढरे पॉलिश आणि ब्यूगलच्या तोंडावर धरलेल्या हातमोज्याची शिवण वेगवेगळी दिसते. गणवेशाच्या नियमानुसार केस शिरोभूषणाखाली संपूर्ण झाकलेले असावे लागत. बाकीच्या मुली केस आखूड कापून मोकळ्या झाल्या होत्या. आईने माझी वेणी कापू दिली नाही, परेडच्या पहाटे ती तीन पदरांत गुंडाळून मूठभर आकड्यांनी बसवून देई, आणि मग टोपी डोक्यावर अर्धा इंच उंच बसे. रांग डावीकडे वळताना तेवढा एक तुरा वर आलेला दिसतो. ड्रम शिक्षकांनी त्याबद्दल कधी काही म्हटले नाही, टिक मात्र पडलाच असेल.

बाबांच्या चित्रणातला एक दोष मात्र कोणत्याही यंत्राने भरून निघणार नाही. १२ मिनिटांच्या कार्यक्रमाला चार काडतुसे लागत आणि तिसरे बदलायची वेळ नेमकी ड्रमच्या एकल वादनाला येई. त्यामुळे आमच्या घरी असलेल्या सर्व कार्यक्रमांत ज्या दीड मिनिटासाठी मी आठवड्यातून तीन संध्याकाळ घालवल्या ते दीड मिनिट कोठेच नाही.

त्याची भरपाई कॅसेटींवर होती आणि म्हणून ध्वनीच्या कामाबद्दल माझी अपेक्षा अधिक होती. येथे दुकान निम्मेच उतरले. कॅसेटी बाबांच्या कचेरीतील एका स्नेह्यांनी हातात धरायच्या रेकॉर्डरवर प्रेक्षकांत बसून ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत. अशा रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय असे. बास ड्रमचा ठोका पडला की सगळा आवाज दबतो आणि हळूहळू वर येतो. हा मूळ मुद्रणाचा दोष आहे, त्याचे खापर दुकानावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु पहिल्या फाइली ऐकताना दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे सूर. त्या काळी कोअरचे ब्यूगल ‘जी’ या सुराचे असत. आडवा एक पिस्टन आणि एक रोटर एवढीच त्यांची कळ होती, पुढे १९७७ पासून डीसीआयमध्ये दोन उभ्या व्हॉल्व्हना परवानगी मिळाली. कार्यक्रमापूर्वी सगळे मिळून जो सूर लावत तो कानात कायमचा बसलेला आहे, आणि फाइलीत तो जवळजवळ अर्ध्या स्वराने चढा येत होता. उन्हात पितळ तापले की सूर चढतो हे खरे, पण इतका नाही. रेकॉर्डरची बॅटरी उतरलेली असली तर मुद्रणाच्या वेळी फीत हळू सरकते आणि नंतर योग्य वेगाने वाजवली की सारे भरभर व उंच सुरात ऐकू येते. येथे तेच झाले होते. मालकांना मी हे पेटीच्या सुराशी जुळवून दाखवले. अर्धा स्वर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के फरक, त्या बेताने फीत सावकाश चालवताच सूर खाली आला आणि त्याबरोबर चालही ठिकाणावर आली. सूर आणि चाल एकदम जुळल्यामुळे निदानाबद्दल शंका उरली नाही.

दुसरी गोष्ट सुधारायला अधिक त्रास पडला. दुकान प्रत्येक ध्वनिफितीवर खरखर काढणारी प्रक्रिया विचारल्याशिवाय करते. कीर्तन, भाषण, आजीचा आवाज यांसाठी ती चांगली आहे आणि घरच्या इतर कॅसेटींना तिचा फायदाच झाला. पण स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्यावर ज्या तारा ताणलेल्या असतात त्यांचा आवाज हीच मुळात एक सुरेल नसलेली, रुंद पट्टीतील खरखर असते. संगणकाला फितीची खरखर आणि तारांची खरखर यांतला भेद कळत नाही. त्याने दोन्ही पुसून टाकल्या, झांजाही पुसल्या, आणि आमच्या संपूर्ण ओळीचे वादन कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटे आपटत असल्यासारखे झाले. फ्लॅम आणि पॅराडिडल या ड्रमवरच्या दोन ठरावीक बोलांतला फरकच कळेना. प्रक्रिया न केलेली प्रत मागितली तेव्हा ती जपून ठेवलेली नव्हती, म्हणून कॅसेटी पुन्हा नेऊन द्याव्या लागल्या. पन्नास वर्षांच्या जवळपास जुन्या फिती गरजेपेक्षा एकदा अधिक वाजवाव्या लागणे मला पसंत नाही. दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी वाचनशीर्षाचा कोन प्रत्येक फितीसाठी हाताने जुळवला, त्यामुळे वरच्या पट्टीतील आवाज बराच उघडला, आणि कोणतीही सफाई न केलेली डब्ल्यूएव्ही फाइल दिली. फितीची खरखर तिच्यात आहे, तारांचीही आहे, आणि ड्रमच्या एकल वादनात डाव्या बाजूच्या दोन मुली काठावर किंचित घाई करतात तेही स्पष्ट ऐकू येते.

चित्रण आणि ध्वनी एकत्र जोडून देण्याची सेवाही या दुकानात आहे. ध्वनीची पट्टी असलेली सुपर-एट फिल्म १९७३ पासून मिळू लागली होती, पण ती महाग होती आणि आमची सर्व रिळे मुकी आहेत. चित्रण एका मैदानावरचे, ध्वनी दुसऱ्या मैदानावरचा, आणि स्पर्धेगणिक कार्यक्रमात बदल होत असत, तेव्हा असा जोड करून घेण्यास मी नकार दिला. पाहणाऱ्याला तो खरा वाटला असता, हेच त्याच्या विरुद्ध आहे. कौटुंबिक चित्रणाला पार्श्वसंगीत लावून हवे असेल त्यांच्यासाठी त्यांचा जोडकामाचा नमुना सफाईदार होता एवढे सांगते.

खर्चाचे म्हणाल तर ५० फुटांच्या एका रिळाला साधारण २० डॉलर पडले, कॅसेटींचा दर त्याहून थोडा कमी, आणि वर ऑन्टारिओचा १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर. पोस्टाने रिळे मागवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपेक्षा हा दर चढा आहे, पण रिळे शहराबाहेर जात नाहीत आणि ज्या माणसाने ती हाताळली त्याच्याशी समोरासमोर बोलता येते, आणि माझ्यासारख्या चिकित्सक गिऱ्हाइकाला तेच हवे होते. फाइली यूएसबीवर आणि डाउनलोडच्या दुव्यावर, दोन्ही प्रकारे मिळतात. जतनासाठी कमी दाबलेली मोठी फाइल आणि इतरांना पाठवण्यासाठी लहान एमपी-फोर अशा दोन्ही मागाव्यात; लहान फाइलीत रांगा वळताना चित्र चौकोनी चौकोनी फुटते. मूळ रिळे नवीन प्लास्टिकच्या डब्यांत परत मिळाली, त्यांवर बाबांच्या जुन्या चिठ्ठ्या काढून पुन्हा चिकटवलेल्या होत्या.

चित्राच्या कामाला मी पाचपैकी साडेचार तारे देईन आणि ध्वनीला तीन. काम देताना एका कागदावर ‘सेकंदाला १८ चौकटी, काप नको, खरखर काढू नका’ एवढे लिहून त्यावर त्यांची सही घेतली तर ध्वनीलाही चार द्यायला हरकत नाही. नाताळच्या आधी त्यांच्याकडे भेटवस्तूंची गर्दी असते आणि काम दोन महिने लांबते, फेब्रुवारीत तेच काम तीन आठवड्यांत होते. कोअरमधील माझ्या दोन जुन्या सहकारी ऑन्टारिओतीलच लंडन आणि सडबरी येथून आपापली रिळे घेऊन येणार आहेत, आणि त्यांपैकी एकीच्या वडिलांजवळ दोन कॅमेरे असत, तेव्हा ड्रमचे ते दीड मिनिट त्यांच्या डब्यांत निघण्याची बरीच शक्यता आहे.